गाठी गेल्या, गाठ आली

मेंदी झाली, संगीत झालं, प्री-वेडिंगही झालं. यवतमाळच्या लग्नात आता नवीन काय आणायचं, या काळजीनं इव्हेंटवाल्याला झोप नाही. उद्या त्यानं ‘केल्टिक हँडफास्टिंग’ काढलं तर दचकू नका. नवरा-नवरीनं हातात हात द्यायचा, वरून रंगीत फिती गुंडाळून गाठ मारायची. फोटो झकास येतो.

प्राचीन केल्टिक विधी म्हणे! शब्द मुळात नॉर्स लोकांचा. अर्थ एवढाच, की हातावर हात मारून सौदा पक्का करणे. आपल्या गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबतात, त्याचा हा चुलतभाऊ. फितींचा थाट अलीकडचा. ‘एक वर्ष आणि एक दिवस’ लग्न वापरून बघायचं, ही गोष्ट वॉल्टर स्कॉटनं १८२० सालच्या ‘द मॉनेस्टरी’ कादंबरीत रंगवली आणि लोकांनी ती परंपरा म्हणून उचलली.

आता आपल्या मांडवात या. दोघांभोवती सुताचे वेढे घालतात, ते काढून हळद लावतात, हळकुंड बांधतात आणि एकमेकांच्या मनगटावर काकण चढवतात. फिती आपल्याकडे आधीपासून आहेत, फक्त रंग एकच, हळदीचा. शिवाय आपल्याकडे गाठ सोडायचाही कार्यक्रम असतो. करवल्या ओल्या सुताला अशा नेटानं गाठी मारतात, की नवरदेवाला एका हातानं त्या सुटता सुटत नाहीत. नवरीची मात्र चटकन सुटते. घर कोण चालवणार, याचा निकाल तिथंच लागतो. केल्टांना हे सुचलं नाही.

गंमत अशी, की यवतमाळच्या कापसाच्या गाठी शकुंतला रेल्वेच्या चिमुकल्या डब्यांतून मूर्तिजापूरला जायच्या, तिथून मुंबई आणि पुढं मँचेस्टर. रूळ ब्रिटिश कंपनीचे. शकुंतला आता बंद पडली. कापसाची एक गाठ १७० किलोची. शेतकऱ्याला तिचा भाव काय मिळतो, हे इथं सांगायला नको. त्याच विलायतेहून आता दीड तोळ्याची गाठ परत यायची, तीही पॅकेजच्या भावानं!

हौसेला मोल नसतं, बांधा बापडे. पण हिंदू विवाह कायद्याचं १९५५ पासूनचं कलम ७ सांगतं, की लग्न वधू किंवा वर, कुणा तरी एकाच्या रूढीप्रमाणे लागायला हवं. फिती ना वऱ्हाडाची रूढी, ना शेजारच्या तेलंगणाची. लग्न म्हणजे नाचगाणं आणि जेवणावळ नव्हे, विधी झालाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०२४ मध्ये बजावलंय. तेव्हा सप्तपदी चाला, ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करा, मग हवं ते गुंडाळा.

फक्त फितीचं सूत कुठल्या कापसाचं, एवढं इव्हेंटवाल्याला विचारून ठेवा.