समोरचा बसत का नाही?

पक्षांतर्गत निवडणुकीत मतदाराचा खरा संताप विरोधी पक्षावर नसतो, आपल्याच पक्षातल्या दुसऱ्या उमेदवारावर असतो. विरोधी पक्ष वाईट, हे त्याने गृहीतच धरलेले असते; पण घरचाच माणूस आपल्या उमेदवाराची वाट अडवून बसतो म्हणजे काय! या संतापाचा अस्सल नमुना पाहायचा तर अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाची 2008 ची प्रायमरी पाहावी. बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची ती झुंज 3 जानेवारीला आयोवात सुरू झाली आणि 3 जूनला मोंटाना व साउथ डकोटात संपली. फेब्रुवारीत ओबामांनी एकामागून एक राज्ये खिशात घातली. उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जात असल्यामुळे त्यांची आघाडी फारशी वाढेना, पण तुटण्याचीही चिन्हे दिसेनात. तेव्हापासून त्यांच्या समर्थकांना एकच प्रश्न छळू लागला: या बाई बसत का नाहीत? मार्चअखेरीस सिनेटर पॅट्रिक लेही यांनी तर क्लिंटन यांनी माघार घ्यावी असे जाहीरपणे सांगितले. पेनसिल्व्हेनियापासून प्वेर्तो रिकोपर्यंत दहा ठिकाणचे मतदान तेव्हा व्हायचे होते. या चिडीला ‘पक्षहिताची काळजी’ असे भारदस्त नाव होते. माझ्या मते हित वगैरे वरवरचे. मोजणी आपण पुढे असतानाच थांबावी, एवढीच मागणी होती.

याचा पुरावा दोन्ही छावण्यांनी मिळून तयार करून ठेवला आहे. मिशिगन आणि फ्लोरिडा यांनी पक्षाने ठरवलेल्या वेळेआधीच, जानेवारीत मतदान उरकले. शिक्षा म्हणून पक्षाने त्यांचे सगळे प्रतिनिधी रद्द केले. ओबामांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून नाव काढून घेतले. क्लिंटन यांनी ठेवले, आणि हे मतदान कशातच धरले जाणार नाही हे 2007 च्या ऑक्टोबरमध्ये एका रेडिओ मुलाखतीत स्वतःच सांगितले. पुढे आकडे कमी पडू लागले तेव्हा त्याच मतदानात त्यांना लोकशाहीचा आत्मा दिसू लागला: प्रत्येक मत मोजलेच पाहिजे! ओबामांची छावणी म्हणाली, नियम म्हणजे नियम. पण विषय सुपर डेलिगेटांचा, म्हणजे खासदार, गव्हर्नर आणि पक्षाचे पदाधिकारी अशा सुमारे 800 मानकऱ्यांचा निघाला, की भूमिकांची अदलाबदल होई. या मंडळींनी स्वतःच्या बुद्धीने मत द्यावे, असे नियम सांगत होता. आता ओबामांच्या लोकांना जनतेचा कौल आठवे आणि क्लिंटन यांच्या लोकांना नियमावली. 31 मे रोजी पक्षाच्या समितीने दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना अर्धे-अर्धे मत बहाल केले. मिशिगनचे 69 प्रतिनिधी क्लिंटन यांना मिळाले आणि 59 ओबामांना, ज्यांचे नाव तिथल्या मतपत्रिकेवर नव्हतेच. ऑगस्टमध्ये, निकालावर काडीचाही परिणाम होणार नाही याची खात्री झाल्यावर, पक्षाने उदार मनाने त्या अर्ध्या मतांची पूर्ण मते केली.

यावर आक्षेप असा, की लांबलेल्या भांडणाने पक्षाचे नुकसान होतेच. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. क्लिंटन यांनी मार्चमध्ये अनुभवाच्या मुद्द्यावर स्वतःला आणि रिपब्लिकन जॉन मॅकेन यांना एका पंगतीत बसवले आणि ओबामांना बाहेर ठेवले; आपल्याच पक्षाच्या संभाव्य उमेदवाराविरुद्ध शत्रूला आयता दारूगोळा पुरवणे म्हणतात ते हेच. त्याच महिन्यात गॅलपच्या पाहणीत क्लिंटन यांच्या 28 टक्के समर्थकांनी ओबामा उमेदवार झाले तर मॅकेनना मत देऊ, असे सांगितले. जूनमध्ये रुसलेल्यांचा ‘पुमा’ नावाचा गट निघाला, ज्याच्या नावाचा विस्तार सभ्य वर्तमानपत्रात छापता येत नाही. रेडिओवाले रश लिंबॉ तर रिपब्लिकन श्रोत्यांना क्लिंटन यांना मते देऊन भांडण लांबवा, असे सांगत होते. मग नोव्हेंबरात काय झाले? एक्झिट पोलनुसार 89 टक्के डेमोक्रॅटांनी ओबामांना मत दिले, चार वर्षांपूर्वी जॉन केरींना मिळाले होते तेवढेच. इंडियाना 1964 नंतर आणि नॉर्थ कॅरोलायना 1976 नंतर पहिल्यांदाच डेमोक्रॅटिक पक्षाकडे आले. एरवी मे महिन्यात या राज्यांच्या प्रायमरीला कोणी विचारत नसे. त्या वर्षी बाई बसल्या नाहीत म्हणून दोन्ही उमेदवारांना तिथे कचेऱ्या थाटाव्या लागल्या, मतदार नोंदवावे लागले. नॉर्थ कॅरोलायनातला विजय जेमतेम 14 हजार मतांचा होता. सप्टेंबरात कोसळलेले शेअर बाजार आणि रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांची घसरलेली लोकप्रियता यांचा वाटा मोठा, हे मान्यच. पण भाकीत नुकसानीचे होते, आणि ते नुकसान काही सापडत नाही.

जाणकार इथे 1980 चा दाखला देतात: टेड केनेडी पक्षाच्या ऑगस्टमधल्या अधिवेशनापर्यंत अध्यक्ष जिमी कार्टरना नडले आणि कार्टर रिपब्लिकन रेगनसमोर 44 राज्यांत आडवे झाले. खरे आहे; फक्त इराणमधले ओलीस, महागाई आणि पेट्रोलपंपांवरच्या रांगा केनेडींनी आणल्या नव्हत्या. लोकप्रिय अध्यक्षाला त्याच्याच पक्षातला कोणी सहसा आव्हान देत नाही. ताप आला की थर्मामीटरला दोष देण्याची सोय मात्र कायम असते.

आपल्याकडे हा त्रासच नाही. महाराष्ट्रात मतदाराला पक्षातल्या दोन इच्छुकांपैकी एकावर रागावण्याची संधी कुठला पक्ष देतो? अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो, यावर सगळी प्रायमरी उरकते. मग बंडखोराला बसवायला महामंडळ असते आणि विधान परिषदही. अमेरिकी पक्षाकडे वाटायला इतके काही नसावे, म्हणूनच बिचाऱ्यांना मतदान घ्यावे लागते.

आता याच रागाचा पुढचा प्रवास. 2016 मध्ये आघाडीवर क्लिंटन होत्या आणि बर्नी सँडर्स बसत नव्हते. 2008 चे संवाद जसेच्या तसे, पण उलट्या बाजूंनी म्हटले गेले. सुपर डेलिगेटांना लोकशाहीवरचा कलंक म्हणणाऱ्या सँडर्सनीच मे महिन्यात त्यांनी आपल्याकडे वळावे अशी अपेक्षा जाहीर केली. एवढा गदारोळ झाल्यावर पक्षाने 2018 मध्ये या मानकऱ्यांचे अधिवेशनातल्या पहिल्या फेरीतले मत काढून घेतले. आता तरी रागाला जागा उरू नये. मग 2020 आले. नेवाडा जिंकून सँडर्स पुढे होते, आणि 1 व 2 मार्चला पीट बुटिजिज आणि एमी क्लोबुचार यांनी माघार घेऊन जो बायडन यांना पाठिंबा दिला. लेहींनी 2008 मध्ये मागितला होता तोच समजूतदारपणा, तोही वेळेवर. सँडर्सच्या समर्थकांनी त्याला कट म्हटले: हे दोघे इतक्या लवकर बसलेच कसे? आणि 3 मार्चला मॅसॅच्युसेट्समध्ये बायडन पहिले व सँडर्स दुसरे आल्यावर तेच समर्थक तिसऱ्या आलेल्या एलिझाबेथ वॉरनवर तुटून पडले, कारण त्या बसल्या नव्हत्या.