पाच सूत पोलादाच्या शोधात

वस्तऱ्याला भाग मोजकेच: पाते, पात्यामागची शेपटी, खीळ आणि पाते मिटवून ठेवणारी दुपाखी मूठ. पात्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशात, म्हणजे लोहाराच्या हिशेबाने सुतात मोजतात. नवशिक्याला पाच-सहा सुती पाते पुरे. पाठ जाड, धार दिसेल न दिसेल अशी आणि मधला भाग दोन्ही बाजूंनी खोलगट तासलेला. इतके समजल्यावर उरते फक्त दुकानात जाणे, असे नवशिक्याला वाटते. त्यात तो 'देशी बनावटीचाच हवा' ही अट घालतो आणि प्रवास सुरू होतो.

पहिला मुक्काम कोपऱ्यावरचे सलून. वस्तरा आहे का, असे विचारल्यावर कारागीर अभिमानाने तो दाखवतो. त्यात दाढीची अर्धी मोडलेली पत्ती बसवलेली असते. दुधारी पत्तीचे पेटंट जिलेटला अमेरिकेत 1904 साली मिळाले, पण गल्लीतल्या खुर्चीपर्यंत ती पोहोचली आणि तिथेच ठाण मांडून बसली ती मुख्यतः एड्सच्या धास्तीने. 'नवी पत्ती लावा' हे वाक्य गिऱ्हाईक आता टेकण्याआधीच म्हणते. पूर्वी धोकटीतून निघायचा तो खरा वस्तरा, दगडावर लावून चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा. तो सलूनमधून गेला, नाव मात्र पत्तीच्या दांड्याला देऊन गेला. त्यामुळे या प्रवासात वाट चुकण्याची सोयच नाही. ज्याला विचारावे तो 'वस्तरा ना? मिळेल की!' म्हणतो, आणि खरेच, तो म्हणतो तो वस्तरा सगळीकडे मिळतो.

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. इथे स्क्रूपासून करवतीपर्यंत सारे मिळते, आणि वस्तरा मागणाऱ्याकडे दुकानदार एकदा निरखून पाहतो. नवशिक्याची दाढी आठवडाभर वाढलेली असते, त्याने संशय बळावतो. मग काउंटरवर येते एक चकचकीत घडीची वस्तू. 'साहेब, स्टेनलेस आहे, गंजायचं नाव नाही.' ती गंजत नाही हे खरे, पण ती कापतही नाही. स्टेनलेसचाही चांगला वस्तरा होतो, फक्त पोलाद नीट कडक केलेले लागते. नरम पोलादावर तासन्‌तास धार लावली, तरी पहिल्या चार केसांतच ती मान टाकते. अशी वस्तू शोकेसमध्ये मिटलेलीच शोभते.

मग कोणीतरी मेरठचे नाव काढते. दिल्लीपासून सत्तरेक किलोमीटरवरचे हे गाव कात्र्यांचे. 2013 मध्ये मेरठच्या कात्रीला भौगोलिक मानांकन मिळाले. मोटारीच्या जुन्या स्प्रिंगांसारख्या भंगारातल्या पोलादाची पाती, ओतीव मुठी, आणि शेकडो वर्षांचा हात. आजोबांनी घ्यावी, नातवाने वापरावी, अशी तिथली म्हण आहे. पोलाद आहे, भट्टी आहे, धार लावणारे आहेत, तेव्हा वस्तरा असणारच, हे नवशिक्याचे तर्कशास्त्र बिनतोड. मेरठ त्याला आदराने चहा पाजते आणि कात्री विकते. परतीचे विमान असेल तर विमानतळावरची तपासणी आणखी एक धडा देते: अशी लांब पात्याची कात्री केबिनमध्ये चालत नाही. वस्तरा असता तर तोही चालला नसता, एवढेच काय ते समाधान.

वाटेत रामपूरचा मोह होतो. तिथला घडीचा चाकू हिंदी सिनेमाने घरोघरी पोहोचवला आहे. पण रामपुरी गालावर फिरवायची नसते, दाखवायची असते.

खरी भेट घडते ती पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी. कुलुपांच्या आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगात दोन वस्तरे निघतात. एकावर 'सोलिंगेन' कोरलेले, म्हणजे जर्मन. नवशिका तो उदासपणे बाजूला ठेवतो; जाणकार गिऱ्हाईक तो लगेच उचलते. दुसऱ्यावर नाव नाही, गाव नाही, मूठ शिंगाची, पाते जाडजूड पाचरीसारखे. नाव नाही म्हणजे देशीच, असा निकाल नवशिका देऊन टाकतो. घेण्याआधी पाते सपाट काचेवर आडवे ठेवून पाहावे: पाठ आणि धार दोन्ही टेकली पाहिजेत. वरवरचा गंज घासून जातो, धारेपाशी पडलेले खड्डे जात नाहीत. चीर गेलेले पाते तिथेच सोडावे, फुकट मिळत असले तरी.

धार लावताना पाठ दगडावरून उचलायची नसते. कोन आपोआप राखला जातो. आधी हजार ग्रिटच्या दगडावर, मग आठ हजारच्या. दगडावर धार पुढे ठेवून, पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून पाते चालवायचे, आणि वळवताना पाठीवरून वळवायचे. हे विसरल्यास पट्ट्याचे दोन तुकडे होतात, व मेरठची कात्री असताना पट्टा वस्तऱ्याने कापल्याबद्दल घरचे बोलून दाखवतात.

पहिल्या दिवशी फक्त गाल करावा. कातडी ताणून धरावी, पाते तीसेक अंशांत टेकवावे, दाबू नये. हनुवटी दुसऱ्या आठवड्यात. कापलेच, तर ओल्या गालावर तुरटी फिरवावी. ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळते, पहिल्याच फेरीत.