एकहाती कलावंतास

माननीय छायाचित्रकार,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी ताम्हिणी घाटात आपल्या मागोमाग गाडी चालवण्याचा योग आला. मी काळ्या रेनकोटातला, सारखा हॉर्न वाजवणारा. आपण एकदा मान वळवून माझ्याकडे तुच्छतेनं पाहिलंत, म्हणून कदाचित आठवत असेन. आरशात पाहिलं असतंत तरी चाललं असतं, पण गाडी देखणी दिसावी म्हणून आपण आरसे काढून घरी ठेवलेले दिसले.

आपली साधना मुळशी धरणाच्या पाण्यापासूनच सुरू झाली होती. उजवा हात हँडलवर, डाव्या हातात फोन, नजर फोनच्या पडद्यावर. रस्ता आपल्याला बहुधा पाठ असावा. त्याच पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंग भोगला. माझे आजोबा तिथून जाताना घटकाभर थांबायचे. आपण चाळिसाच्या वेगात तो विषय तीन सेकंदांत आटोपलात.

तीन सेकंद म्हणजे किती, याचा हिशेब मी रिकामटेकडेपणानं केला. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. तीन सेकंदांत तेहतीस. एकामागे एक तीन एसट्या उभ्या राहतील एवढा रस्ता आपण न बघता कापलात, तोही ओला, उतरणीचा, कडेनं शेवाळ धरलेला.

मागच्या सीटवर आपले मित्र होते. त्यांचे दोन्ही हात रिकामे असते तर फोटोचं काम त्यांना सांगता आलं असतं. पण ते दोन्ही हातांनी मागची कडी धरून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. रामरक्षा असावी.

आता थोडं यंत्राविषयी, कारण आपला डावा हात नुसता शोभेसाठी दिलेला आहे असा आपला समज झालेला दिसतो. क्लच त्या हातात असतो. हॉर्न, इंडिकेटर आणि डिपर त्याच्याच अंगठ्याशी असतात. घाट उतरताना शहाणा माणूस खालच्या गिअरमध्ये येतो आणि इंजिनालाच गाडी आवरू देतो. क्लचवर हात नसल्यामुळे आपण चौथ्या गिअरमध्येच घाट उतरत होतात, आणि सगळी भिस्त ब्रेकवर.

बरं, एका हातानं जोरात ब्रेक दाबला की काय होतं? अंगाचा सगळा भार पुढे त्या एकाच हातावर येतो आणि उजवी मूठ पुढे ढकलली जाते. चारचाकीवाल्यांना हे उलटं वाटेल, पण चालत्या मोटरसायकलची उजवी मूठ पुढे दाबली की गाडी उजवीकडेच कलते. म्हणजे संकट डावीकडून आलं तरी आपण जाणार उजवीकडे, समोरून घाट चढणाऱ्या एसटीच्या स्वागताला. त्या एसटीच्या ड्रायव्हरनं आपल्याला पाहून गाडी थेट डोंगराला घासून घेतली. तोंडानं तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं, इथे लिहिता येत नाही.

आणि एवढं करून हाती काय आलं? पावसाळी अंधारात उजेड कमी, त्यामुळे कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं राहतं. सेकंदाचा साठावा भाग धरला, तरी तेवढ्यात आपली गाडी वीतभराच्या जवळपास पुढे सरकते. जवळचं झाड गेलं, कठडा गेला, धबधब्याचा झाला कापसाचा बोळा. त्यात फोनचा सेन्सर चित्र एकदम न घेता ओळीओळीनं वाचतो. खाली इंजिन थरथरत असलं की सरळ खांबही शेवयांसारखे नागमोडी येतात. ज्या महागड्या आयफोनसाठी आपण हप्ते भरत असाल, त्याच्या कंपनीनंच २०२१ मध्ये सांगून ठेवलंय की मोठ्या मोटरसायकलींच्या थरथरीनं कॅमेऱ्याची हादरे जिरवणारी यंत्रणा बिघडू शकते. ते हँडलला फोन लावणाऱ्यांसाठी होतं म्हणा. हातात धरणारा कोणी निघेल, असं त्यांच्या मनातही आलं नसावं.

कायदा करणाऱ्यांना मात्र कलेची कदर नाही. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, गाडी चालवताना हातात फोन वापरणं धोकादायक चालवण्यात धरलं जातं. पहिल्याच खेपेला हजार ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. बोलणारा आणि धबधबा टिपणारा यांत काही फरकच नाही!

खरी गंमत पुढे झाली. एका टपरीवर कणसं भाजत होती. तिथे आपण काय केलंत? इंडिकेटर दिलात. हळू झालात. गाडी रस्त्याच्या पार बाहेर घेतलीत, स्टँड लावलात, हेल्मेट काढून आरशाच्या रिकाम्या दांडीला अडकवलंत आणि तिखटमीठ लावलेलं कणीस दोन्ही हातांनी धरून, दाणा न् दाणा बघून खाल्लंत. म्हणजे थांबता येतं आपल्याला, आणि उत्तम येतं. सह्याद्रीची लायकी कणसाइतकी नाही, एवढंच.

मी तेवढ्यात पुढे निघालो. तीन वळणांनंतर रस्ता रुंद आहे तिथे गाडी लावली, रेनकोटात फोन पुसला आणि धबधब्याकडे रोखला. ढग वर सरकायची वाट बघत पाचेक मिनिटं उभा राहिलो. ढग हलले, मी बटण दाबलं, आणि नेमके आपण फ्रेममध्ये आलात.

फोटो फार छान आलाय. मागे पांढरं पाणी, काळा कडा, पुढे आपण रस्त्याच्या उजव्या बाजूला, डावा हात उंच, नजर आभाळात. मित्रांचे मिटलेले डोळेसुद्धा दिसतात. आपल्या सगळ्या फोटोंमध्ये आपण स्वतः नसणार, म्हणून हा पाठवावा असं मनात आहे. आपला पत्ता मला ठाऊक नाही, पण पुढची नंबरप्लेट अगदी सुस्पष्ट आली आहे, तेव्हा तो शोधायचं काम मी वाहतूक पोलिसांवर सोपवतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मागचा हॉर्नवाला