घासलेटची पाटी घासू नये

आजोबांच्या किराणा दुकानाच्या वाटणीत थोरल्या काकांना गाळा गेला, धाकट्या काकांना तराजू-वजनं गेली आणि माझे वडील तेव्हा पुण्यात नोकरीला असल्यामुळे त्यांच्या नावावर ‘मागचं सामान’ पडलं. त्या सामानातलं शेवटचं जे उरलं होतं, ते म्हणजे परसातल्या खुराड्याचं छप्पर. गेल्या मे महिन्यात खुराडं पाडलं आणि कराडजवळच्या आमच्या गावाहून आत्याचा फोन आला, ‘‘तुजा पत्रा काढून ठेवलाय. घिऊन जा, न्हाय तर भंगारवाला दारात उभाच हाय.’’

गेलो. त्या पत्र्यावर चाळीसेक वर्षं शेणी रचलेल्या आणि शेणींवर कोंबड्या बसलेल्या. बादलीभर पाणी ओतलं, तर शेणाखालून आधी एक पिवळा तुकडा चमकला, मग लाल रेघा. शिंपला होता तो. वर ‘बर्मा-शेल’, खाली ‘रॉकेल येथे मिळेल’. म्हणजे मुळात तसं होतं. शेवटच्या ‘ल’चा कुणीतरी दगडानं टवका उडवल्यामुळे आता ‘रॉकेल येथे मिळे’ एवढंच उरलं होतं आणि ते ओवीच्या चालीवर म्हणता येत होतं.

‘‘कुणी केलं असेल हे?’’ मी हळहळत विचारलं.

‘‘तूच की,’’ आत्या म्हणाली. ‘‘सातवीत हुतास. नवी गलोल आणली हुतीस. आबांनी मला मारलं, मी हासले म्हणून.’’

दुर्मिळ वस्तूंबद्दलची माझी आस्था त्या क्षणी जरा डळमळली, पण पाटी गाडीत घातली.

ही पाटी तामचिनीची. आपल्याकडे पूर्वी तामचिनीची ताटं, टमरेलं आणि दवाखान्यातली किडनीच्या आकाराचे ट्रे असायचे, त्याच जातीची. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड पसरायची आणि आठशे अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत घालायची, की काच वितळून पत्र्याला कायमची चिकटते. आधी तळाचा काळपट-निळा थर. त्यात कोबाल्ट असतं, त्यामुळे पकड येते. मग एकेका रंगाचा थर आणि दर थराला भट्टीची नवी फेरी. म्हणून खऱ्या पाटीवरून डोळे मिटून नख फिरवलं, तर अक्षराच्या काठाला ते किंचित अडखळतं. मी इतक्या लोकांना हे करून दाखवलंय, की आता घरात मी बोट उचललं तरी माणसं उठून जातात.

काच असल्यामुळे तिला ऊन लागत नाही, रंग विटत नाही. मग ही बिघडते कुठे? खिळ्याच्या भोकापाशी. भिंतीवर ठोकणारा माणूस ‘जरा घट्ट बसू दे’ म्हणून स्क्रूला शेवटचा एक पीळ देतो. पत्रा वाकतो, काच वाकत नाही. चंद्रकोरीएवढा टवका उडतो, उघड्या लोखंडात पाणी शिरतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून काचेला ढुशा देत पोपडे काढत सुटतो. आमच्या पाटीच्या चारही कोपऱ्यांना असे चार नायटे झाले होते. पाचवा ‘ल’च्या जागी. त्याच्या कारणांची चर्चा वर झालीच आहे.

पाटीचं वय काढणं सोपं गेलं. बर्मा-शेल ही कंपनी भारतात १९२८ साली सुरू झाली, १९७६ साली सरकारनं ती ताब्यात घेतली आणि १९७७ पासून ती भारत पेट्रोलियम झाली. म्हणजे पाटी या दोन टोकांच्या मधली. कायद्यानं पुरावस्तू ठरायला शंभर वर्षं पुरी व्हावी लागतात, असं १९७२ चा कायदा सांगतो. तेव्हा अगदी पहिल्या दिवशी लागलेली असली, तरी सरकारदरबारी ही पाटी अजून वयात यायची आहे. जिचं तेल विकायचं ती कंपनी गेली, स्टोव्ह गेले, रेशनच्या रांगा गेल्या. शब्दही गेलेच म्हणायचे. रॉकेल म्हणजे रॉक ऑइल आणि घासलेट म्हणजे गॅसलाइट; आपल्या आजी-पणजींनी दोन्ही इंग्रजी शब्द चुलीपुढे बसवून मराठी करून घेतले होते. माझ्या मुलीनं ‘घासलेट म्हणजे घासून लेट झालेला का?’ असं विचारलं. एकुलती एक आहे, म्हणून सोडून दिलं.

घासायचा प्रश्न मात्र सुटेना. शेण गेल्यावर खाली जे निघालं, ते सरळ मळ म्हणून धुऊन टाकण्यासारखं नव्हतं. डाव्या कोपऱ्यात निळ्या ऑइलपेंटनं छापलेली बैलजोडी होती. बैलजोडी म्हणजे १९६९ च्या फुटीपूर्वीची काँग्रेस. आणि आमचे आजोबा तर जनसंघाचे! त्यांची निशाणी दिवा आणि दुकान रॉकेलचं, त्यामुळे निष्ठा आणि धंदा एकाच वातीवर जळत होते. त्यांच्याच पाटीवर रात्रीत येऊन बैल छापून जाणारा कार्यकर्ता कोण, हे गावात सगळ्यांना माहीत होतं म्हणे. आजोबांनी ते बैल पुसले का नाहीत, याचं उत्तर आत्याकडे होतं : ‘‘पुसतील कसं? त्यो कार्यकर्ता उधारीवर माल न्यायचा. बैल बघितलं की आबांना उधारी आठवायची.’’

शिंपल्याच्या बरोबर मध्यावर हळदी-कुंकवाचा, तेल मुरून दगडासारखा झालेला डाग होता. दरवर्षी दसऱ्याला तराजू, माप, चोपडी आणि पाटी यांची पूजा व्हायची. तो शिंपला म्हणजे कुठल्या तरी समुद्रातल्या देवाचा, असा आजीचा पक्का समज होता. तेवढ्या देवाला आयुष्यभर रोज सांजवातीपुरतं तेल तिनं फुकट घेतलं.

आता सांगा, यातलं काय घासायचं?

सोसायटीच्या खालीच गॅरेज आहे. तिथल्या पेंटरनं पाटीकडे पाहिलं आणि त्याला दया आली. ‘‘काका, उद्या संध्याकाळी न्या. गंज मशीननं उडवतो, लांबी भरतो, प्रायमर मारून ड्युकोचे दोन हात देतो. ‘ल’ पण काढून देतो. ओळखणार नाही तुम्ही.’’ तीच तर भीती होती. भट्टीत पिकलेल्या काचेशेजारी डब्यातला रंग आज जुळतो, चार वर्षांनी तो वेगळा पिवळा होतो आणि मूळचा तसाच राहतो. चेहरा तोच आणि तेवढे दात नवे, असा प्रकार.

मग मुंबईला चोरबाजारात गेलो. शुक्रवारी गेलो, त्यामुळे मटण स्ट्रीटची दुकानं बंद आणि रस्त्यावर जुम्मा बाजार. त्यात जुने चार्जर आणि एका पायाचे बूट भरपूर. शनिवारी पुन्हा गेलो. दुकानदारानं फोटो पाहिला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, ‘‘साब, इसको हाथ मत लगाना. मैली के पाँच हजार, धुली के डेढ़ हजार.’’ त्याच्यामागे भिंतीवर ओळीनं पाट्या होत्या, सगळ्या सारख्याच गंजलेल्या, आणि अगदी एकाच जागी. मी नख फिरवलं; नख कुठेच अडखळलं नाही. साध्या छापील पत्र्यावर मिठाचं पाणी मारून आणलेला गंज होता तो. माझ्याकडे पाहून तो मोकळेपणानं हसला. ‘‘ये शौकीन लोगों के लिए है. आपवाला असली है. असली को नकली मत बनाओ.’’ नकली माल विकणाऱ्याइतकी असलीची कदर आणखी कोण करणार?

घरी येऊन मी आनंदानं जाहीर केलं, की न केलेल्या कामाचे साडेतीन हजार मिळतात. बायको म्हणाली, ‘‘मग तुम्हालाच चोरबाजारात नेऊन ठेवायला हवं होतं. लग्नापासूनचे धरले तरी फ्लॅटचं कर्ज फिटेल.’’ पुढे तिनं शेवटचं सांगितलं : कोंबड्यांचा वास येणारी वस्तू हॉलमध्ये लागणार नाही. इतिहास असेल तर बाल्कनीत.

बाल्कनीतला इतिहास मी तिथेच सोडला असता, पण त्याच आठवड्यात आत्या डोळे तपासायला आमच्याकडे आली. दुपारी मी झोपलेला पाहून तिनं चिंचेचा कोळ आणि मीठ घेतलं आणि खालच्या उजव्या कोपऱ्याला, जिथे पूर्वी ‘ल’ होता तिथे, तांब्या घासतात तसं चोळून ठेवून दिलं. ‘‘चिच लावली की गंज पळतो.’’ पळाला, खोटं नाही. तांबड्या आमटीसारखा ओघळत खाली आला. पण चिंच तिथेच थांबत नाही. आंबट रात्रभर काचेवर राहिलं, तर काचेची तुकतुकी खातं. सकाळी त्या जागी पिवळा रंग होता, पण मंद, खडू फिरवल्यासारखा. हातभर जागेत एवढाच भाग आजारी दिसत होता. आत्या बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘दगड तुजा, चिच माजी. कोपरा झाला आपला दोघांचा.’’

त्यानंतर मी घाईनं काहीच केलं नाही. शिष्य होण्याचा माझा स्वभाव नाही, पण संग्रहालयात काम करणारी माणसं पाळतात तो एकच नियम उचलला : जे नंतर उलटवता येईल तेवढंच करायचं. ते टवक्याच्या काठांना धरून ठेवायला पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं द्रव्य लावतात आणि वाटलं तर ॲसिटोननं पुन्हा काढून टाकतात. ॲसिटोन घरात असतंच, नेलपॉलिश काढायला.

कोंबड्यांचं आधी काढलं. तो इतिहास नव्हे, यावर घरात एकमत झालं. शिवाय शिटीतलं आम्ल चिंचेचंच भावंड. रिठ्याचं कोमट पाणी, कापसाचा बोळा, आधी एका कडेला नाण्याएवढी जागा करून पाहिली. रंग बोळ्याला आला नाही, मग पुढे सरकलो. तारेचा चोथा, राख, पावडर, सगळं आत्यासकट लांब ठेवलं. पाटीला चार दुपारी लागल्या. भोकांभोवतीचा सुटा गंज जुन्या टूथब्रशनं झाडला, कोरडं केलं, वरून मेणाचं पातळ बोट फिरवलं. बैल राहिले. कुंकू राहिलं. रॉकेल ‘येथे मिळे’च राहिलं. पेंटर अधूनमधून विचारतो, ‘‘काका, तो ‘ल’ देऊ का काढून, फुकट?’’ मोह होतो. दगड पुसला जाईल, असं क्षणभर वाटतं. पण मग आत्याला फोनवर सांगायला काही उरणार नाही.

पाटी आता हॉलमध्ये नाही आणि बाल्कनीतही नाही. दाराबाहेर, जोड्यांच्या कपाटावर आहे. स्क्रूखाली रबरी वायसर घातलेत आणि शेवटचा पीळ दिलेला नाही. तुमच्याकडे अशी एखादी निघाली तर निदान तेवढं करा. आणि आमच्याकडे आलात तर खुशाल नख फिरवा, फक्त रुमाल ओला करून पुसू नका. रॉकेल येथे मिळत नाही. आतापर्यंत दोघांनी बेल वाजवून विचारलंय.