आप्पांचा निकाल

आमच्या वाडीत खुडूक कोंबडी एकविसाव्या दिवशी पिल्लं काढते आणि बाविसाव्या दिवशी आप्पा येतात. तलंगा किती, कोंबडे किती, हे सांगायला. अंड्यांना तलंगा राखायच्या आणि राखणीचा कोंबडा आताच बोलून ठेवायचा, म्हणून वैनीलाही घाई असते.

आप्पा पिल्लू पायांना धरून उलटं टांगतात. मान वर उचलली तर कोंबडा, लोंबत राहिलं तर तलंग. एखादं पिल्लू दोन्ही करतं. मग दोऱ्याला सुई. गोल फिरली तर तलंग, मागंपुढं झुलली तर कोंबडा. आप्पांचा हात मुळातच थरथरता, त्यामुळे सुई चौकोनीसुद्धा फिरते. तरी निकाल राखून ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही.

गुरांच्या डॉक्टरांनी एकदा त्यांना सांगून पाहिलं. जपानात १९२०च्या दशकात मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दिवसाच्या पिल्लाचं बूड हलकेच दाबून आतला बारीकसा उंचवटा ओळखायची विद्या बसवली, ती हातात बसायला फार सराव लागतो. आप्पा म्हणाले, "लागत असेल. त्यांना सुई मिळत नसेल."

आप्पांना न विचारताही काम भागतं. पाच-सहा आठवड्यांत बहुतेक नरांचा तुरा लाल, जाड दिसू लागतो. तीनेक महिन्यांत कमरेवर टोकदार, चकचकीत पिसं लोंबतात. तेव्हा शेंबडं पोरही सांगतं. नेमके त्याच सुमारास आप्पा आमची पाखाडी सोडून वरच्या वाटेनं जातात.

यंदा वैनीची 'हमखास तलंग' भल्या पहाटे पडवीच्या कठड्यावर चढून आरवली. वैनीनं आप्पांना वरच्या वाटेवर गाठलं.

"कोंबडीपण आरवते कधीमधी," आप्पा शांतपणे म्हणाले. "अंडाशय बिघडलं की."

डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, क्वचित होतं खरं असं. झालं! तेव्हापासून आप्पांचा एकही निकाल चुकलेला नाही. वाडीत आरवणाऱ्या तलंगांची साथच आली आहे.

शिमग्याला वैनीनं तिचा रस्सा केला. आप्पांनी वड्यांबरोबर दोनदा वाढून घेतला आणि तंगडी सोलत म्हणाले, "बिचारी आजारी होती हो."