डिकीतला ढोल

नोव्हाय, मिशिगन
पाडव्यानंतरचा रविवार

ती. बाबा आणि आईस,


फोनवर बाबा आणि जावईबापू एकाच वेळी बोलतात, मग दोघांचे आवाज चढतात, मग आमचे चिरंजीव मध्ये तोंड घालतात आणि शेवटी आई फोन हिसकावून घेऊन म्हणते, "गाडीचं काय ते नीट कागदावर लिहून पाठव." म्हणून हे पत्र. दुसरं कारण बंटी. त्यानेही नव्या गाडीत वूफर बसवायचं मनावर घेतलंय आणि जालना रोडवरच्या दुकानात भाव करून आलाय, असं दादा म्हणत होता. त्याला हे पत्र आवर्जून वाचायला द्या. पैसे देऊन झाले असतील तर मात्र देऊ नका, उगाच घरात वाद.

तर गाडी. कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, नाहीतर बाबा "मी तेव्हाच सांगितलं होतं" म्हणणार. गाडी चांगलीच आहे. फक्त तिच्यात ढोल लावला की पत्र्याच्या डब्यावर कुणी काठी आपटतंय असं वाटायचं. दारातले साडेसहा इंची स्पीकर. खालचा आवाज काढायला जेवढी हवा हलवावी लागते तेवढी ते हलवूच शकत नाहीत. त्यात कंपनीच्या डेकची एक लबाडी अशी, की आवाज वाढवत गेलात की तो स्वतःच खालचा आवाज हळूहळू कापत जातो. स्वस्तातले स्पीकर फाटू नयेत म्हणून. म्हणजे आवाज जितका मोठा, तितका ढोल मागे आणि ताशा पुढे. मिरवणुकीत असं झालं असतं तर पथकाला नारळ मिळाला असता.

"मुलाला लायसन्स मिळालंय, त्याची हौस आहे," असं सांगून वूफर मागवला गेला. मुलाच्या कानात दिवसभर त्याची ती पांढरी बोंडं असतात, त्याला वूफरचं काय? पण हौसेला नाव दुसऱ्याचं द्यायची रीत तुमच्याही घरात आहे. बाबांनी आईसाठी आणलेला टेपरेकॉर्डर आठवा.

पूर्वी सोपं होतं. जुना डेक काढायचा, नवा बसवायचा, मागे आरसीएची भोकं असायची, केबल खोचायची. आता त्या पडद्यातच मागचा कॅमेरा, एसी, पट्टा न लावल्याची टिंगटिंग, सगळं कोंबलेलं. डेक काढला तर अर्धी गाडी मुकी. त्यामुळे डेक कंपनीचाच ठेवायचा, मागच्या स्पीकरच्या वायरींवर हाय-लो कन्व्हर्टर लावायचा, तो स्पीकरचे चढे व्होल्ट उतरवून ॲम्पला चालतील असे करतो, आणि तिथून पुढे डिकीत. इथल्या दुकानदाराने मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर सांगितली. ते ऐकताच जावईबापूंच्या अंगात विश्वकर्मा संचारला.

पहिल्या दिवशी सगळं जोडून झालं आणि आवाज शून्य. कारण ॲम्पला "ऊठ" म्हणून सांगणारी रिमोट वायर लागते, आणि आताच्या डेकमागे तशी वायरच नसते. गाडीतल्या सगळ्या पेट्या आपापसांत डिजिटल भाषेत बोलतात. यांनी शक्कल लढवली आणि रिमोटची वायर मोबाइल चार्ज करायच्या सॉकेटवरून घेतली. ॲम्प उठला. फक्त ते सॉकेट आमच्या गाडीत कायम चालू असतं, किल्ली काढली तरी. शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावली, सोमवारी सकाळी बाहेर बर्फ आणि गाडी ढिम्म. बाबा, हिशेब तुमच्यासाठी: ॲम्प नुसता जागा बसला तरी ॲम्पियरभर ओढतो, साठ तास झाले, बॅटरी साठ-पासष्ट ॲम्पियर-अवरची आणि वर थंडी. शेजारच्यांनी जंपर केबल लावून गाडी सुरू करून दिली आणि जाताजाता नवी बॅटरी घ्यायचा सल्ला दिला. बॅटरीचा काहीच दोष नव्हता. पुढे फ्यूजबॉक्समध्ये किल्लीबरोबर चालू-बंद होणारा फ्यूज शोधून त्यावर फ्यूज टॅप बसवला, रिमोट तिथून घेतला आणि हे प्रकरण मिटलं.

मग सुरू झाली ती शिट्टी. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून कुंईंई, ॲक्सिलरेटर दाबला की सूर वर, सोडला की खाली. हा अल्टरनेटरचा आवाज. बाबांनी फोनवर पहिल्याच वाक्यात निदान केलं: "अर्थिंग बघा." घरातला मिक्सर बिघडो, शेगडी बिघडो, बाबांचं निदान अर्थिंगच असतं, त्यामुळे जावईबापूंनी ते मनावर घेतलं नाही. मग बाबा मोंढा नाक्याकडच्या त्यांच्या ओळखीच्या उस्तादांच्या दुकानात जाऊन तिथून व्हिडिओ कॉल लावून बसले. उस्तादांनी इकडची डिकी पाहिली आणि एवढंच म्हणाले, "साब, पहले अर्थ पकडो." जावईबापूंना दोन मतं पाहिजे होती, दोन्ही एकच निघाली.

अर्थ घेतला होता सीटबेल्टच्या बोल्टवर. तिथे पहिलं म्हणजे रंग आणि दुसरं म्हणजे जीव. त्या बोल्टला हातच लावायचा नसतो. यांनी मल्टीमीटरने ओहम मोजले, शून्याच्या जवळ आले, म्हणून विजयी मुद्रेने मीटर कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर बाबांनी जे सांगितलं ते बंटीने अधोरेखित करून ठेवावं. ओहम मोजू नका. मोठ्याने गाणं लावा, ॲम्पला लोड येऊ द्या आणि ॲम्पच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्ट किती पडतात ते मोजा. मोजले तर जवळजवळ एक व्होल्ट तिथेच गळत होता. मग डिकीच्या तळाचा रंग पॉलिशपेपरने चकाकेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर टाकला, वायर हातभर होती ती वीतभर केली. व्होल्टेज ड्रॉप पार खाली आला आणि शिट्टी गेली.

पण त्याच दुपारी यांनी आरसीए केबलही पॉवर केबलच्या शेजारून उचलून गाडीच्या दुसऱ्या बाजूने ओढली होती, कारण शेजारी ठेवली तरी असा आवाज येऊ शकतो. दोन्ही कामं एकाच वेळी झाल्यामुळे श्रेय कुणाचं, हे आता कधीच ठरणार नाही. बाबा म्हणणार अर्थ, हे म्हणणार केबल. मी दोघांनाही "हो" म्हणते.

फ्यूजवरून झालेला आरडाओरडा आईने ऐकलाच आहे, सविस्तर लिहीत नाही. यांनी मोठा फ्यूज डिकीत ॲम्पशेजारी लावला होता, तो आता बॅटरीपासून दीड फुटाच्या आत आहे. बाबांचं म्हणणं, फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी वायर मध्येच कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर डिकीतला फ्यूज ती जळताना बघत बसेल. हे जावयाला पटलं. मोठ्याने सांगितल्याशिवाय पटलं नसतं, हेही खरं.

आता मुख्य गोष्ट. एवढं करून गाडी बंद असताना आवाज असा लागला की काय सांगू. वेरुळच्या दहा नंबरच्या लेण्यात गाईड ओंकार लावतो तेव्हा तो नाद दगडी फासळ्यांमधून फिरून छातीत उतरतो ना, तसा. पण इंजिन चालू केलं की डिकीतून घुंऽऽ असा एक दबका, कण्हल्यासारखा आवाज. बरं, स्टिरिओचा आवाज शून्यावर! गाणं नाही, रेडिओ नाही आणि वूफर आपला घुमतोय. अर्थ तपासला, परत तपासला. बाबा म्हणाले वूफरच खराब, हे म्हणाले ॲम्प खराब, उस्तादांनी तर "गाडी बेच दो" असा अंतिम निर्णय दिला.

चिरंजीवांनी पहिल्यांदा कानातली बोंडं काढली आणि ॲम्पच्या मागची आरसीए केबल उपसली. आवाज बंद. म्हणजे ॲम्प बरा, वूफर बरा, घुंऽऽ येतंय डेककडून. मग त्याने टॉर्च घेऊन छतात, आतल्या दिव्याच्या शेजारी एक बारीक जाळी दाखवली. तिथे माइक आहे. हात न लावता फोनवर बोलण्यासाठीचा नव्हे, वेगळा. गाडी त्या माइकने आतली घरघर ऐकत असते आणि तिच्या बरोबर उलट लाट दारातल्या स्पीकरमधून सोडते. दोन लाटा एकमेकींना खातात आणि आपल्याला वाटतं गाडी किती शांत! पॉल ल्युग नावाच्या जर्मन माणसाला या कल्पनेचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं होतं. गाड्यांत यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. आता पेट्रोल वाचवायला इंजिनं कमी फेऱ्यांवर चालवतात, काही तर निम्मे सिलिंडर झोपवतात, त्याने घरघर वाढते, म्हणून हे औषध.

आम्ही कन्व्हर्टर लावला होता तो त्याच स्पीकरच्या वायरींवर. त्यामुळे ती गुपचूप सोडलेली उलट लाटही ॲम्पने भक्तिभावाने मोठी करून वूफरला दिली. वूफर घुमला, तो माइकने ऐकला, गाडीला वाटलं घरघर वाढली, तिने आणखी जोरात उलट लाट सोडली, वूफर आणखी घुमला. बाबा आणि जावई फोनवर जे करतात तेच गाडी आणि वूफर आमच्या डिकीत करत होते. आमच्या गाडीत या यंत्रणेची पेटी ग्लोव्हबॉक्सच्या मागे निघाली. तिचं कपलर काढलं, एकही वायर न कापता, आणि घुंऽऽ जागच्या जागी बंद. हायवेवर इंजिन आता किंचित जास्त ऐकू येतं, एवढीच किंमत.

बाबा, १९८५ साली बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला तेव्हापासून तुम्ही इंजिन कानाने ओळखत आलात. तुम्हाला हे ऐकून वाईट वाटेल, पण काही गाड्या तर स्पीकरमधून इंजिनाचा खोटा आवाजही काढतात. आधी खरा पुसायचा, मग खोटा लावायचा! यापुढे गाडी घेताना इंजिनाला कान लावायचा असेल तर आत बसून लावू नका, बॉनेट उघडून लावा.

उरलेलं पटकन लिहिते. बसल्या जागी आवाज पातळ आणि डिकीशी जाडजूड, असं होत होतं. ॲम्पवरचं फेजचं बटण शून्यावरून १८०वर केलं आणि जुळलं. गेन नावाचा नॉब आवाज वाढवायला नसतो, तरी यांनी तो शेवटपर्यंत पिळला होता. चिरंजीवांनी ५० हर्ट्झचा सूर लावून मीटरने बसवला: ३०० वॉट, २ ओहम, गुणाकार ६००, त्याचं वर्गमूळ साडेचोवीस; ॲम्पच्या आउटपुटवर तेवढे व्होल्ट दिसले की थांबायचं. वूफर त्या वेळी काढून ठेवायचा. हे गणित ऐकून बाबांचा ऊर भरून येईल याची खात्री आहे. मागची नंबरप्लेट थरथरत होती, तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवली.

आई, तू विचारशील शेजारपाजारचे काही म्हणत नाहीत का. काचा बंद असतात आणि कॉलनीच्या तोंडाशी आलं की मी स्वतः आवाज कमी करते. बाबा गणपतीत डीजेवाल्यांना २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम ऐकवतात, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, दहानंतर भोंगा बंद. त्यांनी ते ऐकवत राहावं. फक्त जावयाच्या डिकीत काय आहे ते कॉलनीत कुणाला सांगू नका.

बंटी, तुझ्यासाठी. दुकानदाराला आधी विचार की कपलरला कपलर जोडणार की वायरी कापणार. कापणार म्हणाला तर उठून ये; उद्या काही बिघडलं तर सर्व्हिस सेंटरवाले त्या कापलेल्या वायरीकडेच बोट दाखवतील. केबल खरी तांब्याची आहे का ते टोक खरवडून बघ, आत पांढरी दिसली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. आणि तुझ्या गाडीच्या छतात जास्तीचा माइक आहे का, हे पैसे देण्याआधी बघ.

सगळं झाल्यावर पहिलं काय लावलं, तर दादाने गणपतीत गुलमंडीवरून पाठवलेला ढोलाचा व्हिडिओ. आम्ही तिघं गाडीत बसलो, हे डोळे मिटून. ताशा खणखणीत आला, शिट्ट्या आल्या, मागून कुणीतरी "ए सरक ना" म्हणालेलं आलं. वूफर मात्र गप्प. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला; खालचा आवाज तो वाऱ्याची खरखर समजून गाळून टाकतो आणि जवळचा ढोल फाटका घेतो. व्हिडिओत ढोल नव्हताच, तर डिकीतून येणार कुठून?

तेव्हा दादाला सांगा, येत्या गणपतीत राजाबाजारातून संस्थान गणपतीची मिरवणूक निघेल तेव्हा मोबाइल खिशात ठेव. एखादा चांगला रेकॉर्डर भाड्याने घे, ढोलापासून थोडं लांब उभा राहा आणि सलग रेकॉर्ड कर. भाड्याचे पैसे आम्ही पाठवतो.

तुमची लेक

ता. क. बाबा, उस्तादांना नमस्कार सांगा. गाडी विकलेली नाही.