टोनशेठ

टोमॅटोचं क्रेट शंभराच्या खाली गेलं की टोनशेठ पाच वॅटवर येतात. दोनशे-अडीचशेच्या घरात असलं की पंधरा वॅट. चारशेच्या पुढं बावीस. २०२३च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटनं दोन हजारांचा आकडा ओलांडला तेव्हा शेठ थेट तीसवर चढले होते, आणि दोन दिवस तर पंच्याऐंशीची भाषा करत होते. सप्टेंबरात भाव कोसळला. शेठ तीस, बावीस, पंधरा असे एकेक पायरी उतरत पुन्हा पाचावर येऊन बसले. या सगळ्या चढउतारात विकत मात्र त्यांनी काही घेतलं नाही.

शेठना घ्यायचाय गिटारचा ॲम्प्लिफायर. तोही व्हॉल्व्हचा, आणि कॉम्बो, म्हणजे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात. गिटार त्यांच्याकडं पुण्यात कॉलेजला होते तेव्हापासून आहे. ती ते एका ट्रान्झिस्टरच्या खोक्याला लावून वाजवतात. खोका ‘तात्पुरता’ आहे. लग्नाच्या आधीपासून तात्पुरता आहे. बोलताना दर दोन वाक्यांमागं ‘टोन’ येतो म्हणून टोन, आणि नारायणगावात पिकअप दारात उभी असलेल्या कुणालाही शेठच म्हणतात म्हणून शेठ.

अशी माणसं आपल्याकडं नवीन नाहीत. बेल्ह्याच्या बैलबाजारात जाऊन बघा. दर आठवड्याला न चुकता येणारा एक गडी असतो. तो बैलाचं तोंड उघडून दात मोजतो, पाठीवर थाप मारतो, चार पावलं चालवून खूर बघतो, टॉवेलाखाली हात घालून व्यापाऱ्याची बोटं दाबून भाव करतो आणि संध्याकाळी भेळ बांधून घेऊन घरी जातो. त्याच्या गोठ्यात बैल नसतो. पण त्याला कुणी रिकामटेकडा म्हणत नाही, उलट खरा गिऱ्हाईक आला की व्यापारीच त्याला हाक मारतो, “आबा, जरा सांगा यांना.”

टोनशेठ त्याच कुळातले. फरक इतकाच की यांच्या जनावराला व्हॉल्व्ह असतात.

त्यांची मापं मात्र अस्सल जुन्नरची. फेंडरचा ‘डिलक्स रिव्हर्ब’ किती जड, असं विचारलं तर “एक क्रेट.” व्हॉक्सचा ‘एसी३०’? “दीड क्रेट, वर थोडं.” बत्तीस-एक किलोचा खोका माडीवर कोण चढवणार, या प्रश्नावर तीस वॅटचा विचार एकदा अडला होता. मग जिना रुंद करायचं निघालं. गवंडी येऊन माप घेऊन गेला. वहिनींनी गवंड्याला चहा दिला आणि हळूच सांगितलं, “घाई नाही.”

वॅटचं शास्त्र शेठ फार छान समजावतात. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. पंधराचे तीस केले तर वाढतात जेमतेम तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायचं तर वॅट दहापट लागतात. “मग पंधरा काय आन् तीस काय, सारखंच की,” असं कुणी म्हटलं की ते डोळे मिटून हसतात. प्रश्न आवाजाचा नसतोच, फाटण्याचा असतो. ट्रान्झिस्टर आपल्या मर्यादेपलीकडं गेला की एकदम कर्कश होतो. व्हॉल्व्ह तसा तुटत नाही. हळूहळू दबतो, आवाज जाड होत जातो आणि त्या फाटण्यातच गोडी येते. जगभरचे गिटारवाले पैसे मोजतात ते या गोडीसाठी. आता मेख अशी की ही गोडी यायला व्हॉल्व्ह ताणावा लागतो. पाच वॅटचा लवकर ताणला जातो, तीस वॅटचा उशिरापर्यंत स्वच्छ राहतो. घरात वाजवायला लवकर फाटणारा हवा. यात्रेच्या स्टेजवर, ड्रम आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी, न फाटणारा हवा. शेठना दोन्ही एकाच खोक्यात हवंय. यात्रेच्या स्टेजवर त्यांना अजून कुणी बोलावलेलं नाही, पण ती वेगळी गोष्ट.

शेजारच्या वस्तीवरच्या एका आजोबांनी मध्यंतरी व्यवहारी सूचना केली होती. “शेठ, घ्या एकदाचा आन् रातच्याला उसाच्या कडंला लावा. बिबट्या तरी पळंल.” शेठ गंभीर झाले. म्हणाले, “पळंल. पण क्लीनला पळंल का डिस्टॉर्शनला, ते बघाया लागंल.”

खरी अडचण लाइटची. व्हॉल्व्हच्या पोटातली तार तापल्याशिवाय तो काम करत नाही, आणि तिला लागतात ६.३ व्होल्ट. हे ६.३ ट्रान्सफॉर्मर घरच्या २३० मधून काढून देतो. शेठच्या शिवारात थ्री-फेज आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात आणि घरात १७० उरतात. शेठनी गुणाकार-भागाकार करून ठेवलाय: मग व्हॉल्व्हला पावणेपाचसुद्धा मिळत नाहीत. म्हणून आधी स्टॅबिलायझर. पण रिलेचा स्टॅबिलायझर मध्येच ‘टक्’ करतो आणि ते गिटारच्या सुरात येतं. म्हणून सर्व्होचा. तो कोणत्या कंपनीचा, यावर एक अख्खा पावसाळा गेला. न्यू जर्सीतला चुलतभाऊ तिकडून आणायला तयार होता, पण तिकडचा माल १२० व्होल्टचा. आपल्या बोर्डात थेट खुपसला की धूर. म्हणजे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आला, आणखी अर्धं क्रेट वजन आलं. भाऊ येऊन गेला. येताना मुलांना चॉकलेटं आणली.

त्यात शेजारी खोडद. तिथं रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या. चौदा मधोमध आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या. आकाशातल्या अतिक्षीण रेडिओलहरी ऐकायच्या म्हणून रेडिओचा गोंगाट कमी असलेली ही जागा निवडली. आमच्या मोटरींच्या आणि तारांच्या ठिणग्यांचासुद्धा त्या दुर्बिणीला त्रास होतो. शेठना याची मनापासून काळजी. “उद्या त्यांना पल्सारच्या जागी माझा ई मेजर ऐकू आला तर?” मी म्हटलं, व्हॉल्व्हच्या खोक्यातून तसलं काही तिथवर जाणार नाही. ते म्हणाले, “जाणार नाही, मला माहितीय. पण जबाबदारी नावाची गोष्ट आहे का नाही?”

एका गुरुवारी ते मला जुन्नरच्या पेठेत एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिक मामांकडं घेऊन गेले. दुकान कधीच बंद झालेलं, पण मामांचं टेबल, सोल्डरिंग गन आणि मर्फीच्या एका रेडिओचा सांगाडा जागेवर. शेठनी मोबाइलवर ‘एसी३०’चं पोट उघडून दाखवलं आणि मोठ्या अदबीनं सांगितलं, की यात चार ईएल८४ व्हॉल्व्ह असतात, लंडनला साठच्या दशकात बीटल्स यावरच वाजवायचे, आज त्या आवाजासाठी लोक वेडे होतात. मामांनी चष्मा वर केला. “ईएल८४? अहो, ही तर रेडिओतली बाटली.” उठून त्यांनी पत्र्याचा डबा काढला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले व्हॉल्व्ह, त्यातल्या काहींवर बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचं ‘बेल’ हे नाव पुसट झालेलं. ज्या बाटलीतून ओतूरच्या एखाद्या माडीवर संध्याकाळी बाजारभाव आणि कीर्तन ऐकू यायचं, तीच बाटली लंडनच्या गिटारच्या खोक्यात होती, हे कळल्यावर शेठ पाच मिनिटं बोलले नाहीत. मामा मात्र बोलत राहिले: सेट बंद केला, वायर काढली, तरी कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट बसून असतात, मागून हात घालायचा नाही, आणि स्पीकरची वायर सुटलेली असताना सेट चालू करायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जातो. शेठ वहीत लिहून घेत होते. परत येताना म्हणाले, “आता ईएल८४ का नको, याला एक कारण कमी झालं.” आवाजात धास्ती होती.

दुसऱ्यासाठी निवडायचं असलं की हाच माणूस पाच मिनिटांत मोकळा होतो. भजनी मंडळ आलं. शेठ म्हणाले, “आहुजा घ्या, दोन कॉलम लावा, पखवाजाचा माइक लांब ठेवा.” झालं. बैलगाड्यांचा घाट भरवणारे आले. “घाटात कर्णेच. बेस कुणाला पाहिजे तिथं? भिर्रर्र झाल्यावर गाडा कुणाचा आन् सेकंद किती, हे वरच्या टोकाला कळलं पाहिजे.” झालं. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाईंचं गाव हे. तिथंही शेठचा शब्द चालतो. एका फडातल्या गिटारवाल्याला त्यांनी उभ्या उभ्या त्याच्या खोक्याचा मिडल कमी करून दिला, आणि तो पोरगा त्यांच्या पाया पडला. “तुमच्याकडं कोणता सेट आहे, शेठ?” असं त्यानं विचारलं तेव्हा शेठ म्हणाले, “बघतोय.”

एकदा मात्र गोष्ट फार पुढं गेली होती. पुण्यात वाघोलीच्या बाजूला एका मुलाला जर्मनीला जायचं होतं आणि त्याला आपला ‘ब्लूज ज्युनिअर’ विकायचा होता. पंधरा वॅट, बारा इंची स्पीकर, स्प्रिंगचा रिव्हर्ब. माल उतरवून झाल्यावर आम्ही पिकअप तशीच त्याच्या सोसायटीत नेली. शेठनी बरोबर गिटार, टॉर्च, शिसपेन्सिल आणि स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड घेतला होता. खोक्याभोवती त्यांनी आधी एक प्रदक्षिणा घातली. मागं बसून टॉर्च मारला. स्पीकरचा कागद बोटाच्या मागच्या बाजूनं हळूच दाबून पाहिला. चालू केल्यावर आतल्या पाच बाटल्यांत नारिंगी तारा उजळल्या, गरम धुळीचा वास आला. शेठनी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एकेका व्हॉल्व्हवर टिचकी मारली. पहिल्यावर मारली तेव्हा स्पीकरमधून ‘टण्ण’ आवाज आला. “हा मायक्रोफोनिक झालाय. बाकी चार ठीक.” मुलगा थक्क. त्यानं दोन वर्षांत खोक्याची मागची बाजू पाहिली नव्हती.

मग शेठ वाजवायला बसले. मला त्यातलं काही कळत नाही. पण व्हॉल्यूम निम्म्यावर नेऊन त्यांनी एक तार दाबून धरली तेव्हा तो सूर विझायच्या ऐवजी फुगत गेला, खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी कुणकुणायला लागली, आणि शेठच्या तोंडावर असा काही भाव आला की मी तिथून नजर काढली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी खुर्ची आपटली. शेठ थांबले.

मुलानं किंमत सांगितली. शेठनी खांद्यावरचा टॉवेल काढला, हातावर टाकला आणि हात पुढं केला. मुलानं टॉवेलासकट हात हातात घेऊन जोरात हलवला आणि म्हणाला, “थँक यू, काका.” दोघंही क्षणभर तसेच उभे राहिले.

निघताना मुलगा म्हणाला, “काका, पाच हजार कमी करतो.” शेठ इथं खरे घाबरले. भाव चढा असला की त्यांना भीती नसते; भाव उतरला की वस्तू घ्यावी लागते. “कळवतो,” म्हणत ते लिफ्टकडं न जाता जिन्यानंच उतरले. मंचरच्या पुढं आम्ही मासवडी खायला थांबलो. रस्सा वाढून झाल्यावर त्यांनी कारणं सांगितली: पहिला व्हॉल्व्ह गेलेला, मास्टर व्हॉल्यूम असलेल्या सेटला ती मजा नाही, आणि मुळात आपल्याला ६व्ही६ पाहिजे, ईएल८४ नाही. मी म्हटलं, “आणि ती तार?” त्यांनी भाकरी मोडली. “खोली चांगली होती,” म्हणाले.

यंदा त्यांच्या भाच्यानं, वय वर्षं एकोणीस, एका संध्याकाळी मोबाइलवर बोट दाबून ॲम्प्लिफायर मागवला. डिजिटल. आत एकही व्हॉल्व्ह नाही, पण व्हॉल्व्हवाल्या झाडून सगळ्या सेटांच्या नकला आहेत. बटण फिरवलं की फेंडर, फिरवलं की व्हॉक्स. दोन हळदींच्या सुपाऱ्यांत त्याचे पैसे वसूल. परीक्षेला पुण्याला जाताना तो खोका मामाकडं ठेवून गेला, “वाजवा मामा, तुम्हीच वाजवा.” आठवडाभर वहिनींना माडीवरून बटण फिरल्याचा ‘कट् कट्’ आवाज तेवढा यायचा. गिटारचा नाही.

भाचा परत आला. शेठनी त्याच्यापुढं वही उघडली. प्रत्येक नकलेला एक पान, शेरे, खाडाखोड.

“मामा, वाजवला का नाय?”

“वाजवायचं काय त्यात? आधी ठरायला नको? हा बघ, हा सात नंबरचा, पंधरा वॅटवाला. याचा अस्सल तुकडा मी वाघोलीला हातात धरला होता. तेव्हाच घ्यायला पाहिजे होता.”

“मग घ्या की आता. सेकंडहँड मिळंल.”

“आता?” शेठनी वही मिटली. “आता कसा घेतोस? द्राक्षाची छाटणी तोंडावर आलीय.”